लघुपटातील दुरावा : आवाज आणि चेहरा

प्रास्ताविक

कथेतील दुरावा बहुधा पात्रांच्या बोलण्यातून किंवा निवेदकाच्या शब्दांतून आपल्यापर्यंत पोहोचतो. प्रयोगशील लघुपट दुराव्याविषयी सांगत बसत नाही. तो प्रेक्षकालाच दुराव्याचा अनुभव देतो. हे कसे घडते, ते एका लघुपटाच्या आधारे पाहू.

विवेचन

पायल कपाडिया यांचा 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' हा सुमारे २३ मिनिटांचा लघुपट २०१८ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या लघुपट विभागात दाखवला गेला. त्याचे स्थळ भीमाशंकरच्या रानालगतचे कोंढवळ गाव आहे. हेच रान सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून मुरबाड तालुक्याच्या दिशेने उतरते.

पडद्यावर मधाच्या शोधात झाडांचे शेंडे न्याहाळणारा पुरुष, रान, दुपार आणि जमिनीतून निघणारा धूर दिसतो. गावातील स्त्रिया आपल्या हरवलेल्या प्रेमाविषयी कुजबुजत बोलतात. पण त्या आपल्याला दिसत नाहीत, केवळ ऐकू येतात. आवाज आणि चेहरा यांची ही फारकत हेच लघुपटाचे मुख्य तंत्र होय. बोलणारी स्त्री कोण, हे आपण ओळखू शकत नाही. मन उघडे होते, माणूस मात्र दूरच राहते.

या फारकतीचे दोन अर्थ संभवतात. लहान गावात असे प्रेम उघडपणे सांगणे सोपे नसते. म्हणून न दिसणे हा त्या स्त्रियांचा आडोसा ठरतो. जात्यावरच्या ओवीतही स्त्री समोरच्या माणसाऐवजी जात्यापाशी मन मोकळे करत असे. परंतु चेहरा नाकारल्याने ती व्यक्ती म्हणून पुसली जाते, असाही आक्षेप घेता येईल. आडोसा हा अर्थ येथे अधिक पटतो, कारण कुजबुजीला साजेसा एकांत लघुपट जपतो. तरीही आक्षेप विसरून चालणार नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहा. भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोहोचतो तो फोनवरचा आवाज. बंद दार आणि करुण संगीत दाखवून हा दुरावा सांगणे सोपे आहे. रिकाम्या अंगणावर तोच आवाज ऐकवणे अधिक परिणामकारक ठरेल.

आपली प्रगती तपासा

१. आवाज आणि दृश्य यांच्या फारकतीतून दुरावा कसा निर्माण होतो, ते स्पष्ट करा.
२. 'चेहरा न दाखवणे हा आडोसा की अन्याय?' आपले मत सकारण मांडा.
३. स्थलांतरित कुटुंबाच्या फोनवरील संभाषणावर आधारित तीन दृश्यांचा आराखडा लिहा. प्रत्येक दृश्यात काय दिसेल आणि काय ऐकू येईल, हे स्वतंत्रपणे नोंदवा.