‘नाही’ म्हणणारी शाळा निवड

अगं, तू पाठवलेली चारही माहितीपत्रकं वाचली. चारहींत निळंशार आकाश आहे, चकचकीत मशीन आहे आणि खांद्यावर पट्ट्या लावलेली हसरी मुलं आहेत. यातली कोणती शाळा चांगली, असं तू विचारलंस. कागदावरून मला ते सांगता येणार नाही. पण हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा कशावरून ओळखायची, ते सांगते. तिथली माणसं ‘नाही’ म्हणतात का, ते बघ. हवा बिघडली तर उड्डाणाला नाही, हात तयार नसेल तर सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला नाही, आगाऊ पैसे घेऊन आलेल्या बापालासुद्धा नाही. ज्या शाळेत सगळ्याला हो, तिथे तू पाऊल टाकू नकोस.

शाळेच्याही आधी मेडिकल. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. डोळे, रंगदृष्टी, कान, ईसीजी, सगळं बघतात. आधी फी भरायची आणि मग रंगदृष्टीत अडकायचं, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय आणि त्या घरांमधली शांतता मला आजही नको वाटते. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. तुझं गणित सुटलं असेल तर ते एनआयओएस या मुक्त शाळेतून देता येतं, त्याची काळजी नको.

आता पैसा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण काका तुझ्यासाठी कर्ज काढायला निघालेत असं आई म्हणाली.

लास वेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही एकेकाळी अमेरिकेतली फार मोठी शाळा होती, बऱ्याच राज्यांत शाखा. मुलं कर्ज काढून सत्तर हजार डॉलरच्या आसपास रक्कम एकदम भरायची. विद्यार्थी भरमसाट, हेलिकॉप्टर आणि इन्स्ट्रक्टर अपुरे, अशा तक्रारी होत्याच. फेब्रुवारी २००८ मध्ये एका रविवारी कंपनीने एकाएकी टाळं लावलं आणि दिवाळखोरी जाहीर केली. दोन हजारांहून जास्त मुलं मधल्यामध्ये लटकली. परवाना नाही, पैसे परत नाहीत आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू. तेव्हा जेवढे तास उडशील तेवढ्याचेच पैसे दे. फार तर पुढच्या काही तासांपुरती रक्कम खात्यात ठेव. सगळे पैसे आज भरलेस तर घसघशीत सूट देतो म्हणणाऱ्याला हात जोडून नमस्कार कर आणि बाहेर ये. काकांना हे मीसुद्धा फोन करून सांगीन.

तासाचा दर विचारताना त्यात इंधन, इन्स्ट्रक्टर, विमा धरलाय का ते विचार. तास मोजणारा मीटर कधी चालू होतो, इंजिन लावल्यावर की जमीन सोडल्यावर, हेही विचार. दीडशे तासांच्या हिशेबात हा फरक लाखांत जातो. अमेरिकेत शिकायचं तर राहणं-खाणं, परीक्षा, विमानभाडं धरून ५० लाखांच्या वरच जातील, असंच समजून चाल.

अमेरिकेच्या कमर्शियल परवान्याला १५० तास लागतात आणि त्यातले निदान ५० हेलिकॉप्टरमधले हवेत. बाकीचे विमानातही चालतात. म्हणून काही एजंट ‘अर्धे तास विमानात काढा, स्वस्तात पडेल’ असं गळी उतरवतात. तुला परवाना इथे बदलून घ्यायचाय. त्यामुळे आपल्याकडे कोणते तास धरतात, ते डीजीसीएच्या नियमात स्वतः वाच, एजंटच्या तोंडून ऐकू नकोस. आणि निघायच्या आधी इथले डीजीसीएचे लेखी पेपर देऊन टाक. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स पाठीमागे टाकून गेलीस की तिकडे डोकं मोकळं राहतं. परत आल्यावर हातात नुसता परदेशी परवाना आणि समोर पुस्तकांचा ढीग, या अवस्थेत मुलं वर्षं घालवतात, आणि तेवढ्यात बसलेला हातही जातो.

व्हिसाचंही ऐक. तिकडे बहुतेक शाळा एम-वन व्हिसावर घेतात. त्यावर शिकताना नोकरी करता येत नाही. शिक्षण झाल्यावर प्रशिक्षणापुरतं काम मिळतं, तेही जास्तीत जास्त सहा महिने. तिकडची मुलं इन्स्ट्रक्टर होऊन हजार तास जमवतात आणि मग ग्रँड कॅन्यनच्या टूरवर लागतात. तो रस्ता तुला जवळजवळ बंद आहे, हे जाताना माहीत असू दे. ‘आम्ही शिकवायला ठेवून घेऊ’ असं शाळा म्हणाली तर कुठल्या व्हिसावर, ते लिहून माग.

शाळा बघायला गेलीस की ऑफिसात चहा घेत बसू नकोस, सरळ हँगरमध्ये जा. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी जा. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, कशी करतात ते उभी राहून बघ. इंधनाचा नमुना भांड्यात काढून उजेडाकडे धरतात का? तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढतात का? आर-२२ या रॉबिन्सन कंपनीच्या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सवर तापमानाच्या छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की त्यातला चौकोन काळा पडतो. विद्यार्थी त्या पट्टीकडे वाकून बघतोय की नुसता हात फिरवून पुढे जातोय, एवढ्यावरून तुला त्या शाळेचं अर्धं कळेल. दोन हजार दोनशे तासांनी किंवा बारा वर्षांनी रॉबिन्सनचं संपूर्ण ओव्हरहॉल करावं लागतं. शाळेतल्या मशीनचे किती तास उरलेत, ते विचार. दोनच मशीन असतील आणि दोन्ही ओव्हरहॉलला जवळ आली असतील, तर तुझे महिने वाट बघण्यात जाणार.

मग इन्स्ट्रक्टर. शाळेचं नाव विसर आणि या माणसाकडे नीट बघ. त्याला विचार, गेल्या महिन्यात कितीदा उड्डाण रद्द केलंत आणि का. चांगल्या इन्स्ट्रक्टरला हा प्रश्न आवडतो, तो मोकळेपणाने सांगत बसतो. जो म्हणतो ‘आम्ही सहसा रद्द करत नाही’, त्याच्या शेजारी तू बसू नयेस असं मला वाटतं. अमेरिकेत आर-२२ मध्ये एकटीने उडण्याआधी त्याच मशीनवर किमान २० तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडावं लागतं, तसा खास नियमच आहे. विमान शिकणाऱ्या मुली पंधराव्या तासाला सोलो झाल्या म्हणून तू हिरमुसू नकोस.

हा नियम का, तेही समजून घे. आर-२२ चा रोटर हलका, दोन पात्यांचा. इंजिन बंद पडलं तर पाती फार लवकर मंदावतात. एखाद-दोन सेकंदांत कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा डाव्या हाताचा दांडा, खाली गेला पाहिजे. गेला, तर खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते आणि तू ऑटोरोटेशनमध्ये सुखरूप उतरतेस. हात थबकला, तर पुढे काही करता येत नाही. दुसरी गोष्ट लो-जी. सायक्लिक, म्हणजे दिशा देणारा उजव्या हाताचा दांडा, झटक्यात पुढे ढकलला की क्षणभर शरीर हलकं वाटतं आणि मशीन उजवीकडे कलू लागतं. मन ओरडतं, डावीकडे वळव! तेच करायचं नाही. आधी सायक्लिक हळूच मागे घेऊन रोटरवर भार आणायचा, मग सरळ करायचं. हे प्रत्यक्ष हवेत करून बघायचं नसतं, जमिनीवर इतक्या वेळा घोकायचं की हाताला दुसरं सुचू नये. हा विषय जो इन्स्ट्रक्टर दहा मिनिटांत उरकतो, तो बदलून माग. संकोच करू नकोस, इन्स्ट्रक्टर बदलून मागणं हा तुझा हक्क आहे.

आता होव्हर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं. पहिले काही तास तू रडशील, सांगून ठेवते. कलेक्टिव्ह वर घेतलास की नाक उजवीकडे पळतं, म्हणून डावं पेडल दाबायचं. डावं पेडल दाबलं की मशीन उजवीकडे सरकतं, म्हणून सायक्लिक किंचित डावीकडे. तोवर उंची बदललेली असते. सायकल शिकताना चाकाकडे बघितलं की पडायला होतं ना, तसंच आहे. नाकासमोरच्या गवताकडे बघू नकोस, लांबच्या झाडाकडे बघ. मनगट मांडीवर टेकव, सायक्लिक दोन बोटांत धर, खांदे सोड आणि श्वास घे. मुठी आवळलेल्या हाताला मशीनचं बोलणं ऐकू येत नाही. एक दिवस इन्स्ट्रक्टर काही न बोलता हात मांडीवर ठेवून बसलेला दिसेल, तेव्हा समज की तू होव्हर करतेयस.

रोज उडता येत नसेल तर आठवड्यातून निदान तीनदा उड. पैसे अपुरे असतील तर आधी जमव आणि मग सलग शीक. महिन्याला दोन तास करत वर्षभर रेंगाळलं की प्रत्येक वेळी मागचंच शिकावं लागतं आणि त्याचे पैसे पुन्हा जातात. उड्डाणानंतर त्याच संध्याकाळी वहीत लिही: काय चुकलं, इन्स्ट्रक्टर नेमकं काय म्हणाला. रात्री खुर्चीत बसून डोळे मिटून प्रक्रिया म्हण, हात-पाय हलवत म्हण. घरच्यांना वेडेपणा वाटेल, वाटू दे.

आणि नोकरीचं खरं चित्र तुझ्यापासून लपवणार नाही. आपल्या देशात नागरी हेलिकॉप्टर मोजकीच आहेत. त्यांच्या जागांवर सैन्यातून हजारो तास घेऊन आलेले वैमानिक असतात. जुहूहून समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर जाणारी कामं असोत की केदारनाथच्या फेऱ्या, दीडशे तासांच्या मुलीला कोणी लगेच खुर्ची देत नाही. थांबावं लागतं. ऑपरेशन्समध्ये, डिस्पॅचमध्ये काम करत दार किलकिलं होण्याची वाट बघावी लागते. तुला हे जमेल असं मला मनापासून वाटतं, पण घरी कर्जाचा हिशेब मांडताना परवान्यानंतरची दोन-तीन वर्षं पगाराशिवाय धर. त्या हिशेबात घर टिकत असेल तरच निघ. टिकत नसेल तर एखादं वर्ष थांब, थांबल्याने हे स्वप्न नासत नाही.

तू स्वतःही ‘नाही’ म्हणायला शीक. डोकं दुखतंय, झोप झाली नाही, वारा आवडत नाहीये, तर इन्स्ट्रक्टर कितीही तयार असो, आज नको म्हण. जी शाळा त्यावर तोंड वाकडं करत नाही, ती तुझी.

तर आता माहितीपत्रकं बाजूला ठेव आणि या आठवड्यात क्लास टू मेडिकलची तारीख घे. रिपोर्ट हातात आला की मला फोन कर. मग आपण दोघी शाळांची यादी घेऊन बसू, आणि काकांनाही बसवू.