गाडी वर, मिस्त्री उभा : वर्कशॉपसाठी घरगुती कैची-लिफ्ट

दर्यापूर-बनोसा म्हणा की मूर्तिजापूर, आपल्या वऱ्हाडातल्या दुचाकी गॅरेजचे चित्र एकच. गाडी मधल्या स्टँडवर आणि मिस्त्री गोणपाटावर उकिडवा. दिवसभर मान खाली, कंबर वाकलेली. गुडघे फार लवकर बोलायला लागतात. गाडी अडीच फूट वर आली तर हाच माणूस उभ्याने काम करील. जिथे बर्फ पडतो तिथले हौशी लोक स्नोमोबाइल दुरुस्त करायला घरच्या शेडमध्ये अशी लिफ्ट स्वतः बनवतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण स्प्लेंडर आहे, बुलेट आहे. गणित तेच. वेल्डिंग मशीन, ड्रिल आणि लेथ आपल्या वर्कशॉपमध्ये आहेतच.

आधी वजन ठरवू. स्प्लेंडर ११० किलोच्या आसपास, ३५० सीसी बुलेट १९० च्या आसपास. म्हणून भार २५० किलो धरू, वरच्या प्लॅटफॉर्मचे ५० किलो, एकूण ३००.

रचना साधी आहे. दोन्ही बाजूंना एकेक कैची, म्हणजे मध्ये पिनने जोडलेले दोन हात. हाताची लांबी पिन ते पिन १.२ मीटर. खालचे एक टोक फ्रेमला पक्के, दुसरे बेअरिंगवर चॅनेलमधून सरकणारे. सरकती टोके पक्क्या टोकांकडे ओढली की प्लॅटफॉर्म वर जातो. ओढायला मध्ये एक आडवा स्क्रू. तो ताणात राहतो, त्यामुळे लांब असला तरी दबून वाकण्याची भीती नाही.

आता खरी गोम. ओढायला किती बल लागेल? पुष्कळांचा अंदाज असतो, ‘तीनशे किलो उचलायचे, तर तीनशेच.’ कामाचा हिशोब करून पाहा. हाताचा जमिनीशी कोन घेतला तर उंची म्हणजे लांबी गुणिले साइन, आणि खालचे अंतर म्हणजे लांबी गुणिले कॉस. घर्षण सोडले तर स्क्रूने केलेले काम आणि वजन उचलण्याचे काम सारखे. त्यावरून बल = वजन ÷ टॅन(कोन). कोन ४५ अंश असेल तर ३०० किलो बरोबर. ३० अंशाला ५२०. १५ अंशाला ११२०. आणि १० अंशाला तब्बल १७००! म्हणजे लिफ्ट सर्वांत जास्त कष्टते ती वर असताना नव्हे, खाली असताना. गाडी चढवायला सोपे जावे म्हणून प्लॅटफॉर्म अगदी जमिनीला टेकवायचा मोह होतो, तो टाळावा. १५ अंशाला उंची ३१ सेंटिमीटर येते. तेवढ्यासाठी एक लांब फळी पुरते. वरचा कोन ४० अंश ठेवला तर उंची ७७ सेंटिमीटर, उभ्याने कामाला ठीक.

याच हिशोबातून आणखी एक गंमत निघते. प्लॅटफॉर्म आडवाच वर जातो, म्हणून गाडी थोडी पुढे-मागे उभी केली तरी स्क्रूवरचे बल तेच राहते. पिनांवरचा भार मात्र बदलतो, तेव्हा गाडी मध्यावरच ठेवावी.

स्क्रू कोणता घ्यावा? ३० मिमी व्यासाचा, ६ मिमी पिचचा ट्रॅपेझॉइडल आट्याचा स्क्रू घेऊ. मध्यम व्यास २७ मिमी, आट्याचा चढ सुमारे ४ अंश. घर्षणांक ०.१५ असेल तर घर्षणकोन साडेआठ अंश. घर्षणकोन चढापेक्षा मोठा, म्हणून हँडल सोडले तरी लिफ्ट आपोआप उतरत नाही. ग्रीस लावून घर्षणांक ०.१ झाला तरी कोन ५.७ अंश, म्हणजे अजून सुरक्षित. पण भंगारातून स्क्रू आणाल तर त्याचे टोक निरखून पाहा. तिथे दोन आटे सुरू होत असतील तर तो दोन-स्टार्टचा आहे. त्याचा चढ ८ अंशांवर जातो, आणि ग्रीस लावताच गाडी स्वतःहून खाली यायला लागेल. असा स्क्रू फुकट मिळाला तरी घेऊ नये.

१५ अंशाला हँडलवर सुमारे ३३ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. हँडल ३० सेंटिमीटरचे असेल तर साधारण ११ किलोचा जोर. हे थ्रस्ट बेअरिंग बसवले तर. नुसत्या वायसरवर भागवले तर जोर बराच वाढेल. पूर्ण वर जायला ४० फेरे. एवढ्याला कंटाळून काहीजण हायड्रॉलिक जॅक लावायचे म्हणतात. माझ्या मते नको. साधा बाटली जॅक आडवा टाकला की पुष्कळदा तेलाऐवजी हवा ओढतो, आणि त्याचे सील गळू लागले तर खाली बसलेल्याला आधी कळत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे सरकत्या टोकांना जोडणारा आडवा दांडा. त्याच्या मधोमध नट, आणि तिथे ११ किलोन्यूटनचा ओढा. दोन कैच्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल तर वाकवणारा मोमेंट ११०० न्यूटन-मीटर. २५ मिमीची सळई टाकली तर ताण ७०० मेगापास्कलच्या वर. माइल्ड स्टील २५० लाच हात टेकते. ५० बाय ५० ची, ४ मिमी जाडीची चौकोनी नळी घेतली तर ताण सुमारे १०५. नटसाठी भोक पाडले तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या वेल्ड कराव्यात.

आपल्या काळ्या मातीची गोष्ट विसरून चालणार नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी तिच्यासोबत हलते. म्हणून बेअरिंग फरशीवर चालवू नका. चॅनेलची स्वतंत्र खालची फ्रेम करा, चारही कोपऱ्यांना लेव्हलचे बोल्ट द्या, आणि पावसाळा संपला की पाणसळ लावून पुन्हा तपासा.

स्क्रू स्वतः अडतो हे खरे, पण इंजिनवर हातोडी चालली की कंपनाने आट्यांची पकड ढिली पडू शकते. म्हणून चॅनेलला ठरावीक अंतरावर भोके पाडून सरकत्या टोकामागे जाड पिन अडकवायची. पिन लागल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. पुढच्या चाकाला शिकंजा आणि हँडलला दोन्ही बाजूंनी पट्टे हवेत, कारण गाडी पडलीच तर बहुधा बाजूला पडते.

चाचणी गाडीने करू नका. सिमेंटची सहा पोती, म्हणजे ३०० किलो, ठेवून पूर्ण वर न्या, खडूने उंचीची खूण करा आणि रात्रभर तसेच राहू द्या. पिन लावायची नाही, खोलीला कुलूप लावायचे. सकाळी खूण जागेवर असेल आणि वेल्डजवळचा रंग तडकलेला नसेल, तर पिन लावून पहिली गाडी चढवायला हरकत नाही.