नाम, नामकरण आणि नामस्मरण

उपदेशी कुटुंबात अपत्य जन्मास आले की एक प्रश्न हटकून निघतो. आजोबांचे नाव महादेव किंवा खंडेराव. ते नातवास ठेवावे, तर अनन्यभक्तीस बाध येतो काय? दिवसातून शंभर वेळा देवतेचे नाव मुखी येणार, ही शंका क्षुल्लक नव्हे. वाळूजसारख्या ठिकाणी, जेथे औद्योगिक वसाहतीमुळे नाना प्रांतांचे लोक शेजारी झाले आहेत, तेथे हा प्रश्न अधिकच विचारणीय ठरतो. कारण तेथे एकाच आळीत अताउल्ला, मथाई आणि गुरदित्ता अशी नावे कानी पडतात.

या नावांचे अर्थ पाहू गेल्यास नवल वाटते. अताउल्ला म्हणजे अरबी भाषेत ईश्वराची देणगी. मथाई हे मत्तय या नावाचे मल्याळी रूप. मूळ इब्रानी असून अर्थ तोच. पंजाबातील गुरदित्ता म्हणजे गुरूने दिलेला. श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या नामातही 'दत्त' म्हणजे दिलेला आणि 'आत्रेय' म्हणजे अत्रीचा पुत्र. भेद इतकाच, की इतरत्र देणारा वेगळा व दिलेला वेगळा. येथे 'मी आपणासच दिले' अशी भागवतातील व्युत्पत्ती आहे. हा भेद लहान नाही.

नाव कोण देतो, यालाही महत्त्व आहे. वाळूजच्या शेजारचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावी वसले, तेथे 1610 मध्ये शहराची उभारणी करणारा मलिक अंबर हबशी देशात जन्मला तेव्हा 'चापू' होता. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि 'अंबर' हे नाव त्यास धन्याने दिले. ते नाव विकत घेतलेल्या देहावरचा शिक्का होते. पुढे तोच पुरुष निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, तरी नाव अंबरच राहिले. इकडे हरपाळदेव ऋद्धिपुरी आले, तेव्हा श्रीगोविंदप्रभूंनी त्यांस 'चक्रधर' हे नाम दिले. ते नाम शिक्का नव्हे, ओळख होय. आणि पंथास स्मरणाकरिता लाभलेले निधान होय.

आता मूळ शंका. सर्वज्ञांच्या सन्निधानी आलेल्यांची नावे पाहावीत. आद्य आचार्यांचे नाव नागदेव; शब्दार्थ घेतला तर तो देवतावाचकच. त्यांच्या भगिनी उमाइसा. उमा म्हणजे पार्वती. (शेवटचा 'सा' आदरार्थी आहे, राजस्थानात 'बाईसा' या हाकेत तो आजही ऐकू येतो.) तरीही पंथ त्यांस नागदेवाचार्य आणि उमाइसा याच नावांनी स्मरतो. शरण आलेल्याने नाव टाकावे, अशी अट तेथे आढळत नाही. कारण शास्त्रदृष्ट्या शब्दाचे यौगिक व रूढ असे दोन अर्थ होतात. 'महादेवा, इकडे ये' असे आजी म्हणते, तेव्हा तिच्या चित्तात नातू असतो, कैलास नसतो.

यावर अजामिळाची कथा पुढे केली जाते: त्याने पुत्रास नारायण म्हणून हाक मारली व तो सुटला, मग हाकेचे नाव फलद्रूप का होऊ नये? परंतु भागवतातील ती कथा सहाव्या स्कंधात पूर्ण वाचावी. दूतांचा संवाद ऐकून अजामिळास पश्चात्ताप झाला, तो गंगाद्वारी गेला, तेथे चित्त ईश्वरी जडले, तेव्हा गती. आणि हाच न्याय उलटही लागतो. मुलाचे नाव चक्रधर ठेवून त्यास रागे भरत दिवसभर हाका मारल्या, तर ते नामस्मरण झाले असे कोण म्हणेल? स्मरण नाम, लीला, मूर्ती व चेष्टा यांचे. आणि त्याचा विषय परमेश्वर.

म्हणून आजोबांचे नाव ठेवणाऱ्या घराने दोष मानू नये. नवे नाव ठेवावयाचेच, तर श्रीकृष्ण, दामोदर, केशव अशी नावे आपल्या पंथीय परंपरेत विपुल आहेत. परंतु त्यासाठी वृद्धाचे मन दुखवण्याचे कारण नाही.