तिथी आणि भरती

नारायणगुड्यातील वाचकांना तिथी सणावारापुरती आठवते. पालघर जिल्ह्यातील कोळीवाड्यांत मात्र दिवसाचे कामच तिथीवर ठरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ निघते, अष्टमीस सहा. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घ्यावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह जोरकस असतो, तेव्हा डोल जाळ्यात बोंबील भरतात. स्त्रिया ते जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत घालतात. भांगाच्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात.

नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटू नये, ही जुनी रूढी. शासनाची पावसाळी बंदी बहुधा तत्पूर्वीच उठते. आमच्या मते रूढीच अधिक दूरदर्शी होती. चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याची पिले मात्र अजून जाळ्यात येतात.