पाडकामांतील धूळ

वाशीच्या जुन्या सेक्टरांतून शाळेस येतांना हिरव्या जाळीच्या पडद्याआड चाललेलें पाडकाम तुम्हीं पुष्कळदां पाहिलें असेल. सिडको ही संस्था १९७० सालीं स्थापन झाली, व तिनें या नव्या शहरांत आरंभीं बांधलेल्या कित्येक इमारती पन्नाशी गांठण्यापूर्वींच जर्जर झाल्या. आतां त्यांच्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. नवें घर कसें उभें राहतें हें आपण कौतुकानें पाहतों. जुनें कसें पाडतात इकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं.

पाडण्याचा क्रम बांधण्याच्या उलट असतो. भारतीय मानक ब्यूरोची ४१३० क्रमांकाची एक नियमावली याच कामाविषयीं आहे. वीज, पाणी व गॅस यांच्या जोडण्या आधीं तोडाव्या. मग वरून एकेक मजला उतरवीत खालीं यावें. राडारोडा एका ठिकाणीं साचूं दिला तर त्याच्या भारानें स्लॅब कोसळतो. हे धोके डोळ्यांना दिसतात. म्हणून मुकादम निदान ओरडून सावध करतो. न दिसणारा धोका धुळींत असतो.

अॅस्बेस्टॉस हा जमिनींतून निघणारा दगडच, परंतु तंतूंचा बनलेला. तो आगीनें जळत नाहीं, पावसानें कुजत नाहीं; म्हणून सिमेंटांत साधारण दहावा हिस्सा मिसळून त्याचे पत्रे व नळ करीत आले आहेत. आपल्याकडच्या पावसांत असलें छप्पर स्वस्त आणि टिकाऊ, त्यामुळें जुन्या कारखान्यांच्या शेडींवर तें सर्रास चढलें. पत्रा अखंड असतो तोंवर फारसा त्रास नाहीं. घणाचा घाव बसला कीं तंतु सुटतात, आणि उभे चिरत जाऊन केसाहून कितीतरी बारीक होतात. असा तंतु हवेंत तासन्‌तास तरंगतो, श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल रुततो, आणि शरीराला तो सहसा विरघळवितां येत नाहीं. फुप्फुस ताठरतें; कांहींना कर्करोग होतो. परंतु रोग दिसूं लागण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षें जातात. विशींतल्या मजुराला आज साधा खोकलाही नसतो. त्याला धोका सांगितला तर तो हंसतो, आणि त्यांत त्याचा दोष तरी काय? काँक्रीट फोडतांना उडणारी सिलिकाची भुकटी व जुन्या रंगांतील शिसें हीं याच कुळांतलीं.

उपाय मात्र अगदीं साधे आहेत. पहिला घाव घालण्यापूर्वीं जाणत्या माणसानें इमारत फिरून कोठें काय आहे तें लिहून काढावें. पत्रा फोडूं नये; पाण्यानें भिजवावा, बोल्ट काढून अखंड उतरवावा, व जाड प्लास्टिकांत गुंडाळावा. धोकादायक कचरा रीतसर पुरण्याची सोय तळोज्यास आहे. तो खाडीकांठीं ओतण्याचें कारण नाहीं. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतु अडवीत नाहीं. त्यास योग्य गाळणीचा मुखवटाच लागतो. आणि कामाचे कपडे घरीं नेऊं नयेत, कारण ते झटकून धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झालेला आहे.

अशाच वस्तूपायीं एक युद्धनौका अर्ध्या वाटेवरून परत फिरली. 'क्लेमांसो' ही जुनी फ्रेंच विमानवाहू नौका ३१ डिसेंबर २००५ रोजीं तूलाँ बंदरांतून गुजरातेंतील अलंगकडे मोडण्यासाठीं निघाली. तिच्या पोटांतील अॅस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत वाद माजला, आणि १५ फेब्रुवारी २००६ रोजीं फ्रान्सच्या अध्यक्षांनीं तिला माघारीं बोलाविलें. पुढें ती इंग्लंडांत मोडली गेली. जहाजाची एवढी चौकशी झाली. शेडच्या छपराची कोण करतो?

१९९५ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांस आज्ञा केली कीं, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद तो कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षें, अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षें, यांपैकीं जें नंतर येईल तोंपर्यंत जपावी. रोग इतक्या उशिरां येतो हें ओळखूनच ही मुदत घातली आहे. कारखान्यांत हजेरीपट असतो. पाडकामाचा बिगारी मात्र पहांटे नाक्यावर उभा राहतो. आज वाशी, पुढच्या आठवड्यांत पनवेल, पेरणीला गांवीं. त्याची वही कोणत्या ठेकेदारानें ठेवावी? वीस वर्षांनीं तो गांवच्या डॉक्टरापुढें खोकत बसतो, तेव्हां डॉक्टर विचारतात, "विडी ओढतां काय?"