फवारणीचे कपडे आणि घरचे धुणे



उसात तणनाशक मारून आलो की अंगावरचे कपडे आपण मोरीत टाकतो नि विसरतो. मग ते पोराबाळांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतात. गटात फिरताना हे आम्ही घरोघरी पाहतो.

अमेरिकेत नेब्रास्का, आयोवा येथील विद्यापीठांच्या गृहविज्ञान शाखांनी १९८० च्या दशकात याच धुण्याचा अभ्यास केला. त्यात आढळले की, औषध एका कपड्यातून दुसऱ्यात उतरते. गार पाण्यापेक्षा कढत पाण्याने ते जास्त निघते. तेलकट, दुधाळ होणारे औषध चिवट असते. २,४-डी चा अमाइन प्रकार धुण्यात सहज जातो, ईस्टर प्रकार मागे राहतो. बाटलीतले निर्भेळ औषध सांडलेला कपडा तर अनेकदा धुऊनही निर्धोक होत नाही.

म्हणून एवढे करावे :

१) फवारणीसाठी पूर्ण बाह्यांचा एक जोड वेगळा ठेवावा.

२) तो त्याच दिवशी, निराळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून धुवावा. आधी साध्या पाण्यात खळबळावा. मग सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात साबणचुरा टाकून काठीने ढवळावा.

३) धुण्याचे पाणी विहीर, ओढा, गोठा यांपासून लांब ओतावे.

४) निर्भेळ औषध सांडलेला कपडा पुन्हा वापरू नये.

औषध मारणारा तोंडाला निदान रुमाल बांधतो. धुणारीला तर कपड्यात काय आहे तेच ठाऊक नसते. तेव्हा तिला आधी सांगावे, आणि पहिले पाणी आपणच काढावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी