शेतातल्या खोलीला लाईट: खांबावरून घ्यावी की सोलर बसवावं?



चाळीत कांदा पडला किंवा डाळिंबाला माल धरला की राखणीला शेतातच झोपावं लागतं. म्हणून बरेच सभासद विचारतात, "खोलीला लाईट करायचीय, मीटर घेऊ का सोलर?" एका सभासदाने आधी सोलर बसवलं आणि मग विचारलं. दुकानदाराने लहान पॅनलला गाडीची बॅटरी जोडून दिली होती. आठ महिन्यांत बॅटरी बसली, तीही ऐन पावसाळ्यात. लेकरंबाळं अंधारात आणि पायाखाली साप-विंचवाचं भय. पैसे गेले ते वेगळेच. म्हणून खरेदीच्या आधी हा मेसेज शेवटपर्यंत वाचा.

*१) आधी लोड काढा*
वॅट गुणिले तास. १००० झाले की १ युनिट. एका खोलीचा साधा हिशोब असा:
• ९ वॅटचे ३ एलईडी बल्ब, ५ तास = १३५
• बाहेरचा ९ वॅटचा दिवा, ११ तास = ९९
• ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, १० तास = ३००
• मोबाईल चार्जिंग = साधारण ३६
एकूण ५७०, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त.

आता हाच पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर एकटा पंखाच ७५० खातो आणि एकूण १०२० वर जातं. म्हणजे पॅनल-बॅटरी जवळपास दुप्पट लागते. सोलर घ्यायचं असेल तर पहिले पैसे पंख्यावर घाला.

*२) खांब किती लांब, आणि कुठल्या फीडरचा?*
वरच्या हिशोबाने महिन्याला फक्त १७ युनिट होतात. त्याचं बिल जड नाही (स्थिर आकार मात्र दर महिन्याला येणारच). खरा खर्च लाईन ओढण्याचा असतो. खांबावरून थेट सर्व्हिस वायर येत असेल तर मीटर घेणंच स्वस्त. मध्ये नवीन खांब रोवावे लागणार असतील तर आधी अर्ज करून कोटेशन घ्या आणि तो आकडा सोलरच्या खर्चाशेजारी लिहा.

दुसरी गोष्ट वायरमनला विचारा: खांब गावठाण फीडरचा आहे का शेती फीडरचा? शेती फीडर असेल तर थ्री फेजची वेळ संपल्यावर खोलीत दिवा लागेलच याची खात्री नसते. राखणीला लाईट हवी रात्री, आणि लाईन येणार दिवसा, असं व्हायला नको.

*३) मोटारीच्या कनेक्शनवरून वायर ओढू नका*
शेतीपंपाची वीज राहत्या खोलीला वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकणं तर सरळ चोरी, आणि जिवाशी खेळ.
सौर पंपाच्या पॅनलवरूनही वायर काढू नका. तिथे शेकडो व्होल्टचा डीसी करंट असतो. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो, शिवाय पंपाची वॉरंटी जाते.

*४) सोलर घ्यायचं ठरलं तर माप असं*
५७० मध्ये बॅटरी-वायरीतली घट ३० टक्के धरा, म्हणजे ७४० च्या आसपास. आपल्याकडे पॅनलला चांगलं ऊन दिवसाला ४ तास धरून चालावं. ७४० भागिले ४ = १८५ वॅट. हे झालं उन्हाळ्याचं गणित. ढगाळ दिवसांसाठी ३०० ते ३५० वॅटचं पॅनल घ्या.

बॅटरी दोन रात्री पुरेल अशी घ्या. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते. १२ व्होल्ट २०० एएच म्हणजे २४००, त्यातले वापरायचे १२००. दोन रात्री निघतात. लिथियम (एलएफपी) १०० एएच असेल तर साधारण १००० वापरता येतात, म्हणजे पावणेदोन रात्री. ती महाग पडते, पण टिकते जास्त वर्षं. गाडीची बॅटरी नकोच. ती स्टार्टर मारण्यापुरती बनवलेली असते, रोज रात्रभर उतरवायला नाही.

बल्ब-पंखा १२ व्होल्ट डीसीचे घेतले तर इन्व्हर्टर लागत नाही, तेवढी घटही वाचते.

*५) बसवताना*
• पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण २० अंश. झाडाच्या एका फांदीची सावलीसुद्धा उत्पादन बरंच पाडते.
• धूळ सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.
• लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते. झोपायच्या खोलीत किंवा कडब्याजवळ ठेवू नका. डिस्टिल्ड वॉटर महिन्याला बघा.
• बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर, अर्थिंग. यात काटकसर नको.

*६) अनुदानाबद्दल*
प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं अनुदान (१ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ व त्यापुढे ७८ हजार रुपये) हे वीज कनेक्शन असलेल्या घराच्या छतासाठी आहे. मीटर नसलेल्या खोलीला ते मिळत नाही. कुणी "अनुदानात बसवून देतो" म्हणून ॲडव्हान्स मागितला तर देऊ नका. आणि बिनबॅटरीचं असं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, हेही लक्षात ठेवा.

*थोडक्यात:* खांब जवळ आणि गावठाण फीडर असेल तर मीटर. खांब लांब आणि फक्त दिवा-पंखा-मोबाईल असेल तर सोलर. फ्रीज, कडबाकुट्टी, दूध काढायचं मशीन चालवायचं असेल तर मीटरच. लाईन जवळ आहे पण रात्री जाते, तर मीटर आणि सोबत लहान बॅटरी-इन्व्हर्टर.

तुलना करताना दहा वर्षांचा खर्च मांडा. सोलरच्या बाजूला मधे किमान एकदा बॅटरी बदलण्याचे पैसे धरा, मीटरच्या बाजूला कोटेशन आणि १२० महिन्यांचं बिल.

आपल्या खोलीचा लोड आणि खांबाचं अंतर याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. दुकानदाराचं कोटेशन आलं असेल तर त्याचा फोटोही टाका. पैसे भरायच्या आधी आपण मिळून तपासू.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी